निवडलेले जोंधळे

अर्धांगवायूने वडिलांचा उजवा हात लुळा पडला, वाचाही गेली. सोलापुरातल्या आमच्या पेठेतल्या तालमीचे वस्ताद रोज सकाळी तेल लावून हात चोळायचे. जाताना ताटात मंगळवेढ्याचे जोंधळे नि हरभरे एकत्र करून ठेवायचे. वडिलांनी त्याच हाताने ते वेगळे करायचे. संध्याकाळपर्यंत ताट चोख निवडलेलं असायचं. वस्ताद खूश. मला मात्र पटेना. ज्या बोटांना पेला धरवत नाही, ती दाणे कुठले वेचणार? माझा संशय आईवर होता.

एका दुपारी मी दाराआड उभी राहिले. आईच भराभर निवडत होती. मी चिडून आत शिरणार, तोच वडील जड जिभेने बोलले. तीन महिन्यांतलं मी ऐकलेलं त्यांचं पहिलं वाक्य.

"उद्या थोडं राहू दे. पोरीला संशय आलाय."