टॉलिव्हरचा आठवा कॅम्प

रेनार्ड टॉलिव्हरला नारळ देण्याच्या जेवढ्या म्हणून तऱ्हा आहेत, तेवढ्या सगळ्या वापरून झाल्या होत्या. एकदा हॉटेलच्या लिफ्टमध्ये, चौथ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या दरम्यान. एकदा न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धं डोकं भादरून झालेलं असताना फोनवर. आणि एकदा विमानतळावर, सामान देऊन झाल्यावर मॅनेजरने त्याला हळूच रांगेतून बाजूला घेतलं. रेनार्ड घरी आला, पण बॅग संघाबरोबर डेन्व्हरला गेली ती अकरा दिवसांनी परतली. "माझ्या बॅगेने माझ्यापेक्षा एक मॅच जास्त बघितलीय," असं तो वर हसून सांगायचा.

दरवर्षी सप्टेंबर संपता संपता मोठ्या लीगमधला प्रत्येक बास्केटबॉल संघ वीसेक जणांना कॅम्पला बोलावतो. सराव होतो, चार-पाच लुटुपुटीचे सामने होतात आणि ऑक्टोबरच्या शेवटी खरा हंगाम सुरू होताना त्यातले पंधरा उरतात. चौदांची नावं आधीच पक्की असतात. म्हणजे बाकीचे पाच-सहा जण जीव खाऊन भांडतात ते फक्त पंधराव्या जागेसाठी. रेनार्ड असा सात वेळा भांडला होता आणि सातही वेळा त्याचा पत्ता कट झाला होता. मग पोलंडमध्ये दोन हिवाळे, मनिलात एक पावसाळा, तुर्कस्तानात अर्धा हंगाम. अर्धाच, कारण पुढे तो क्लबच बुडाला. मधूनच इथल्या कुणाचा घोटा मुरगळला की दहा दिवसांसाठी बोलावणं यायचं. असे मोठ्या लीगमधले एकूण एकोणीस सामने त्याच्या नावावर होते. पण हंगामाच्या पहिल्या दिवशी संघात असणं, हे सुख दहा वर्षांत एकदाही नाही.

आता बत्तिसाव्या वर्षी आठव्या कॅम्पचं बोलावणं आलं, आणि आलं ते सेंट लुईसहून. तिथल्या स्टेडियममधून निघून नदीवरचा पूल ओलांडला की बाराव्या मिनिटाला त्याच्या आईचं दार. तो आईकडेच राहिला, शाळकरी वयातल्या पलंगावर, पाय बाहेर स्टुलावर ठेवून. पहिल्याच दिवशी त्याने तिला सांगून टाकलं, "आई, हे शेवटचं. या वेळी नाही जमलं तर खेळणं बंद."

"तू हे मनिलाला जातानाही म्हणाला होतास," आई म्हणाली.

त्याची आई, मिस व्हर्लीन टॉलिव्हर, एकतीस वर्षं शाळेची बस चालवत होत्या. पाठीमागे साठ पोरं दंगा करत असताना फक्त आरशात बघून त्यांना गप्प करायची बाईंची ख्याती होती. स्वतःच्या पोराला तर आरसाही लागत नसे.

संघाच्या कपड्यालत्त्याची व्यवस्था मिस्टर पर्नेल नावाचे म्हातारे गृहस्थ बघायचे. टॉवेल, मोजे, बूट, सगळं त्यांच्या ताब्यात. पण ज्याला काढायचं त्याला सकाळी निरोप द्यायचं कामही, का कोण जाणे, त्यांच्याच गळ्यात पडलेलं. ते खांद्यावर हात ठेवायचे आणि "वर बोलावलंय," एवढंच म्हणायचे. त्यामुळे कॅम्पमधली सहा फूट सात इंची पोरं या पाच फुटी म्हाताऱ्याला बघून संडासात दडी मारायची. रेनार्ड मात्र सगळ्यांच्या आधी येऊन त्यांच्याबरोबर कॉफी प्यायचा.

"तुला भीती नाही वाटत माझी?" पर्नेलनी एकदा विचारलं.

"वाटते ना. पण तुमच्यासारखी कॉफी दुसरीकडे मिळत नाही."

पहिल्या दोन आठवड्यांत चार जण वर जाऊन आले आणि सामान घेऊन गेले. पंधराव्या जागेसाठी दोघंच राहिले, रेनार्ड आणि क्विलन ओडम. क्विलन एकवीस वर्षांचा, अर्कान्सासच्या खेड्यातला. उडी अशी की बघणाऱ्याची मान दुखावी. पण चाली काही केल्या लक्षात राहत नव्हत्या. कोच हार्बिसन ओरडतील डावीकडे, तर हे पोरगं उजवीकडे उभं, चेहऱ्यावर हसू. तो रेनार्डला पहिल्या दिवसापासून काका म्हणायला लागला आणि मग सगळा संघच म्हणायला लागला.

सराव संपला की रेनार्ड त्याला पूल ओलांडून ईस्ट साइडला चिनी दुकानात घेऊन जायचा. पांढऱ्या पावात अंड्याची तळलेली जाड वडी, वर लोणच्याची काकडी आणि मेयोनीज. त्याला इथे सेंट पॉल म्हणतात आणि ते खाताना शर्ट खराब होतोच. टेबलावर सॉसच्या पुड्या मांडून रेनार्ड त्याला चाली शिकवायचा.

"ही पुडी म्हणजे तू. कोपऱ्यात उभा. काय करायचं?"

"धावायचं?"

"नाही रे बाबा! थांबायचं! कोचने मूठ दाखवली की कोपऱ्यातला माणूस कोपऱ्यातच थांबतो. आपला धिप्पाड गडी वर येऊन माझ्यापुढे भिंतीसारखा उभा राहतो, मी त्याच्या आडून बॉल मारतो. तू फक्त थांबायचंस."

"थांबायला शिकवायला एवढं जेवण लागतं होय, काका?"

"तुला लागतं."

आईच्या कानावर हे गेलं तेव्हा ती चुलीपाशी मटार ढवळत होती. "म्हणजे तुझी जागा पळवायला तूच शिकवतोयस त्याला. वर खायलाही घालतोयस."

"आई, तो चुकीच्या जागी उभा राहिला की माझा पास प्रेक्षकांच्या मांडीवर जातो. नाव माझंच खराब होतं."

"हं," आई म्हणाली. तिच्या या एका हुंकारात बरंच काही असायचं आणि रेनार्डने त्यातलं काहीच ऐकून घेतलं नाही.

लुटुपुटीचा शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता. शेवटचे काही सेकंद उरले होते, गुण बरोबरीत. कोच हार्बिसननी मुद्दामच दोघांना एकत्र उतरवलं. बॉल रेनार्डच्या हातात, क्विलन उजव्या कोपऱ्यात, शहाण्या मुलासारखा थांबलेला. कोचने हात वर करून मूठ दाखवली.

आता ज्या माणसाने आयुष्यात एकाच संघाची मूठ पाहिली आहे त्याची इथे चूक होणं शक्यच नाही. ती व्हायला सात कॅम्प आणि तीन देश पालथे घालावे लागतात. पोलंडमधल्या क्लबात याच मुठीचा अर्थ होता कोपऱ्यातल्या माणसाने पाठीमागून थेट बास्केटकडे पळायचं. दोन हिवाळे रोज सकाळ-संध्याकाळ रेनार्डने ती मूठ पाहिली होती. गोंगाटात, घामात, घड्याळ धावत असताना त्याच्या अंगात एकदम पोलंड संचारला.

"क्विलन! पळ! मागून पळ!"

तीन आठवडे ज्याला काकांचं ऐकायची सवय लागली होती ते पोरगं सुटलं. तिकडे संघाचा धिप्पाड गडी खुणेबरहुकूम वर आला, त्याला अडवणाराही त्याच्यामागे वर आला, आणि बास्केटखाली चिटपाखरू उरलं नाही. रेनार्डने बॉल उंच टाकला, क्विलनने हवेतच झेलून आत कोंबला. अर्धी चाल सेंट लुईसची, अर्धी पोलंडची, आणि सामना खिशात. बॉल हातातून सुटला त्याच क्षणी रेनार्डला आपली चूक कळली होती. लोक नाचत होते आणि तो कोचकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या संघाला बसवून सामना पडद्यावर दाखवला गेला. कोच हार्बिसननी नेमका तिथेच थांबवला.

"मी मूठ दाखवली. मुठीला कोपऱ्यातला माणूस हलत नाही. ओडम, तू कुठे निघाला होतास?"

क्विलन आपल्या बुटांकडे बघत बसला.

"बास्केट झाली म्हणून खूश होऊ नकोस. माझी खूण ज्याला तीन आठवड्यांत कळत नाही, त्याला घेऊन मी काय करू?"

क्विलन तरीही बोलला नाही. काकांचं नाव त्याच्या ओठावर आलं नाही, येण्याची चिन्हंही दिसेनात.

इथे रेनार्डने नुसतं बसून राहायचं होतं. बोलायचं नाही, हलायचं नाही. पंधरावी जागा आपल्या पायांनी चालत त्याच्याकडे आली असती. तसं बसून राहावं असं त्याला मनापासून वाटलं, हे सांगायलाच हवं. बाराव्या मिनिटाला आईचं दार असलेलं मैदान पुन्हा मिळणार नव्हतं. त्याने खोलीतल्या घड्याळाकडे बघितलं, मग क्विलनच्या वाकलेल्या मानेकडे, आणि हात वर केला.

"कोच, मी सांगितलं त्याला पळायला."

"का?"

"तुम्ही मूठ दाखवलीत ना."

"मुठीचा अर्थ काय, टॉलिव्हर?"

"इथला, की पोलंडमधला?"

खोलीत हशा फुटला. धिप्पाड गडी तर खुर्चीवरून खाली घसरला. क्विलनसुद्धा हसला आणि मग एकदम हसायचा थांबला. कोच तेवढे हसले नाहीत. त्यांनी तो तुकडा मागे घेऊन पुन्हा लावला. मग पुन्हा. पाच वेळा बघितला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

बाहेर आल्यावर क्विलनने त्याला गाठलं. "कशाला बोललास, काका? मी गप्प होतो ना!"

"तू गप्प होतास म्हणूनच तर."

"आता तुला काढतील."

"काढू देत. दुसऱ्यांना सवय नसेल, मला आहे," रेनार्ड म्हणाला. पण हे खरं नव्हतं. काढलं जाण्याची सवय कुणालाच होत नाही, फक्त त्यावर बोलायची होते.

शनिवारी सकाळी मिस्टर पर्नेल कॉफीचे दोन कप घेऊन आले आणि त्याच्या शेजारी बसले. अर्धा कप संपला तरी म्हाताऱ्याची नजर कपातच होती.

"मिस्टर पर्नेल, कॉफी गार होतेय. बोलून टाका."

पर्नेलनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वर बोलावलंय, पोरा," ते म्हणाले. पोरा हा शब्द त्यांनी आजवर कुणाला जोडला नव्हता.

कोच हार्बिसननी आडपडदा ठेवला नाही. "डोकं तुझ्याइतकं या इमारतीत कुणाचं नाही. पण पाय मला एकवीस वर्षांचे हवेत. त्या चुकीचा याच्याशी संबंध नाही, एवढं लक्षात ठेव." रेनार्डने हात मिळवला, आभार मानले, खाली गाडीत जाऊन बसला आणि रडला. सात वेळा रडला नव्हता, त्याचंही सगळं त्यात आलं.

घरी आई डुकराच्या मांसाचे तुकडे निखाऱ्यावर भाजत होती. धूर डोळ्यात जात होता म्हणून तिने आधी त्याच्याकडे बघितलं नाही.

"आई, झालं."

"काय झालं?"

"आठवा."

तिने चिमटा खाली ठेवला. मग त्याने तिला मुठीपासून सगळं सांगितलं.

"म्हणजे गप्प बसला असतास तर राहिला असतास?"

"माहीत नाही. कदाचित."

"आणि तू हात वर केलास."

"हो."

"मूर्ख आहेस," आई म्हणाली. तुकडे उलटवले, सॉस लावला. "माझाच आहेस. हात धू, जेवायला बस."

हंगामाच्या पहिल्या दिवसाची दोन तिकिटं क्विलनने स्टेडियमच्या तिकीट-खिडकीवर ठेवली होती, तीही मिस व्हर्लीनच्या नावाने. काका येणार नाही आणि काकाची आई आल्याशिवाय राहणार नाही, एवढं त्या पोराला बरोबर कळलं होतं. रेनार्डने पाठदुखीपासून पावसापर्यंत सगळ्या सबबी सांगून बघितल्या. शेवटी आईने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि तो गाडीची किल्ली शोधायला लागला.

जागा मैदानाच्या बऱ्याच जवळ होत्या. खेळाडूंच्या बुटांचा आवाज ऐकू येईल इतक्या. रांगेत पंधरावा क्विलन होता, नव्या कोऱ्या गणवेशात, गंभीर चेहऱ्याने. रेनार्डने टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगा, त्याच्या हातांना त्या जड गेल्या.

तिसऱ्या सत्रात क्विलनला उतरवलं. तो जाऊन उजव्या कोपऱ्यात उभा राहिला. कोच हार्बिसन रेषेपाशी आले आणि तोंडाभोवती दोन्ही हात धरून ओरडले, "टॉलिव्हर!"

बॉल घेतलेल्या खेळाडूने मागे वळून तेच ओरडून सगळ्यांना सांगितलं. "टॉलिव्हर! टॉलिव्हर!"

रेनार्ड जागच्या जागी थिजला. आईने त्याचं कोपर धरून हलवलं. "ऊठ! रेनी, ऊठ ना! अरे, बोलावतायत तुला!"

धिप्पाड गडी वर आला. त्याला अडवणारा त्याच्यामागे आला. क्विलन पाठीमागून सुटला, बॉल उंच गेला, आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. फक्त रेनार्ड बसून होता.

"आई, मला नाही बोलावलं," तो कसाबसा म्हणाला. "चालीचं नाव आहे ते."

मागच्या रांगेतला एक माणूस हातातल्या यादीवरून बोट फिरवत बायकोला विचारत होता, "हा टॉलिव्हर कोण गं? यादीत तर कुठेच नाहीये. कितवा नंबर?"

मिस व्हर्लीन पूर्ण मागे वळल्या; इथे आरसा नव्हता.

"नंबर कशाला हवाय?" त्या म्हणाल्या. "हा काय, इथे बसलाय."