पंचनाम्यातून गळालेला शब्द

गंगाधरभाऊ गेल्याचं त्यांच्या लेकीनं, सुनितानं, फोनवर सांगितलं. मी सुरतेला मुलाकडं. पोहोचेपर्यंत माती उरकली होती. त्यानंतर गप्पच राहिलो असतो, पण परवा कुणीतरी मोबाईलवर श्रद्धांजली पाठवली… 'नामांतरासाठी बंदूक हाती घेतलेला लढवय्या हरपला.' अंगाची लाहीलाही झाली. कोणती बंदूक? मला विचारा ना! त्या बंदुकीच्या पंचनाम्यावर माझी सही आहे.

मी पिशोरचा, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला, सातवीतून शाळा सोडलेला. शहराभोवती कारखाने उभे राहत होते, तेव्हा कामाला आलो. पहिल्याच आठवड्यात माझा हात मशीनमध्ये जाणार, तोच शेजारच्या लेथवरच्या भाऊंनी मागं ओढलं. मग पडेगावच्या आपल्या खोलीतच ठेवून घेतलं. वहिनींना एवढंच म्हणाले, "ह्यो भाकरी लई खातो, पीठ जास्तीचं मळ."

सुट्टीच्या दिवशी भाऊंचा एकच उद्योग. छावणीच्या बाजारात पत्र्याची हवेची बंदूक मिळायची; दांडा ओढून चाप दाबला की तोंडाचं बूच उडायचं. दोन दिवसांत ती फुसकी व्हायची आणि गल्लीतली लेकरं रडत भाऊंकडं यायची. दुकानदाराला चार शिव्या हासडून भाऊ ती उघडायचे. आतला पुठ्ठ्याचा दट्ट्या फेकून सायकलच्या पंपातलं चामडी वायसर एरंडेलात भिजवून बसवायचे, सांध्याला कथलाचा डाग द्यायचे. "हवा गळाली की खेळणं मेलं," म्हणायचे. मग बूच दारातून थेट समोरच्या लिंबाला! पण लेकराच्या हातात देण्याआधी ते स्वतःच्या गालावर उडवून बघायचे. गाल लाल झाला तर स्प्रिंगचा एक वेढा कापायचे. वहिनी चिडवायच्या, "बघा, नव्या नवरीवाणी गाल झालेत ह्यांचे!"

विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चात भाऊ कायम पुढं असायचे. एका दुपारी पोलीस आले. झडतीत सापडल्या दुरुस्तीला आलेल्या तीन बंदुका. जमादारानं एक उडवली, तर बूच भिंतीवर आपटून त्याच्याच पोटाला लागलं. शिपाई हसले, तो नाही हसला.

"हे काय आहे?"

"खेळणं हाय साहेब. लेकरांचं."

"एवढा जोर खेळण्यात असतोय व्हय?"

म्हणजे काम चांगलं केलं हाच गुन्हा! पंचनाम्यात लिहिलं, 'हवेच्या दाबाची बंदूक, नग तीन.' पंच म्हणून शेजाऱ्याला आणि मला उभं केलं. मला वाचता येत होतं. 'खेळण्यातली' हा शब्द गळालाय हे मला दिसत होतं. साहेब, एक शब्द राहिला… एवढंच म्हणायचं होतं. नोकरी जाईल, मलाही नेतील, म्हणून घाबरलो. सही केली. ते भाऊंना घेऊन गेले.

आठवड्यानं भाऊ सुटले. खटला उभाच राहिला नाही, पण कंपनीनं त्या कागदावर बोट ठेवून त्यांना काढलं. मला ठेवलं. मी पाय धरले तर म्हणाले, "ऊठ. भीती काय तुला एकट्यालाच हाय? भाकर खाल्ली का?" पुढं जन्मभर त्यांनी सायकलींचे पंक्चर काढले. विद्यापीठाला नाव मिळालं, नंतर शहराचंही बदललं. भाऊंना चिकटलेलं 'बंदूकवाला' हे नाव मात्र कुणालाच बदलावंसं वाटलं नाही. बदनाम करणाऱ्यांनी तेच वापरलं आणि आता हार घालणारेही तेच वापरतात!

पुण्यानुमोदनाच्या बुद्धवंदनेला गेलो तेव्हा सुनितानं त्यांच्या पेटीतली एक बंदूक मला दिली. काल दांडा ओढला, गालाशी धरली, चाप दाबला. फट्! इतक्या वर्षांत वायसरमधून हवा गळलेली नाही. गालही लाल झाला नाही.

तर आता लिहून घ्या. पत्र्याची, हवेवर चालणारी, खेळण्यातली बंदूक, नग एक. समक्ष पाहिली. या वेळी वाचून, समजून सही करतोय.