वेव्ह-ऑफला मराठीत काय म्हणतात

दुपारच्या जेवणानंतर मी डाव्या कुशीवर लवंडतो. याला वामकुक्षी म्हणतात. नाव संस्कृत असल्यामुळे ही आळशीपणात धरली जात नाही. आज लवंडलोय तो कुडाळला, ताईच्या घरी. पोटात सोलकढी आहे, वर पंखा आहे आणि डोक्यात ताईचा प्रश्न आहे.

प्रश्न असा. माझी थोरली बहीण कुंदाताई, साठी ओलांडलेली, उद्या गाडीच्या लायसन्सची परीक्षा द्यायला जाणार आहे. दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी चढावर गाडी बंद पडली, मागे घरंगळली आणि शेवटी परीक्षा घेणाऱ्या साहेबांनीच हँडब्रेक ओढला. दाजी गेल्यापासून ताई इथे एकटी असते. बाजार, बँक, दवाखाना सगळं लांब. रिक्षा तिच्या मनात येईल तेव्हा येते. मुलगा निनाद कॅनडातून म्हणतो, गाडी जमत नसेल तर घर बंद कर आणि इकडे ये. ताईला कॅनडा आवडतो, पण फोटोत.

मगाशी ताटं उचलताना ती म्हणाली, "मक्या, झोपून उठलास की सांग. जा म्हणालास तर जाईन. नको म्हणालास तर निनादला हो म्हणून टाकते."

तिला शिकवतो मीच, त्यासाठीच सध्या इथे येऊन राहिलोय. रोज सकाळी तिच्या शेजारी बसून जीव मुठीत धरतो. त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं आहे. मी नको म्हणणार आहे. एवढं पक्कं करून मी डोळे मिटतो.

पंखा जरा जास्तच जोरात फिरतोय. उठून कमी करावा असं वाटतं, पण उठायचं कुणी, या चर्चेत हातपाय भाग घेत नाहीत. आवाज वाढत जातो. उशी उडते. वर बघतो तर पंखा छताला नाही, एका विमानाच्या नाकाला आहे, आणि माझी खाट एका विमानवाहू नौकेच्या डेकवर आहे. चारी बाजूंना समुद्र. मी अनवाणी आहे. डेक खवल्यासारखा खरखरीत आहे, चांगलाच तापलाय आणि त्याला विमानाच्या इंधनाचा रॉकेलसारखा वास येतोय.

"काय मेव्हणे, डेकवर खाट टाकायची परवानगी घेतली होतीत?"

दाजी. ताईचे यजमान, कमांडर हेमचंद्र दळवी, नौदलातले वैमानिक. गेल्या श्रावणात गेले. पिवळं जाकीट घातलंय आणि दोन्ही हातांत ताईच्या घरातल्या स्टीलच्या ताटल्या आहेत.

"दाजी, तुम्ही इथे?"

"मग कुठे असणार? तुझ्या ताईला वाटत असेल मी वैकुंठात आहे. अर्ज केला होता. ते म्हणाले, तुमचा अनुभव विमानांचा, तुम्ही इकडेच बसा."

"आणि या ताटल्या?"

"पूर्वी वैमानिकाला उतरताना खुणा करायला अधिकाऱ्याच्या हातात अशा बॅटी असायच्या. मग दिवे आले. इथे अजून जुनीच पद्धत आहे. सुधारणा वर जरा उशिरा पोचतात."

मी कठड्याशी जातो. समुद्रात जिकडेतिकडे विमानवाहू नौका उभ्या आहेत, रविवारी कॉलनीत गाड्या लावाव्यात तशा दाटीवाटीने. जगात अशा नौका मोजक्याच देशांकडे आहेत. बाकीचे देश परराष्ट्र धोरणावर भागवतात. अमेरिकेच्या सगळ्यांत मोठ्या, आणि त्यांनी दोन दोन गाड्यांची जागा अडवलीय. फ्रान्सची एकटीच, पण अणुशक्तीवर चालणारी, आणि तसं ती चेहऱ्यावर दाखवते. चीनच्या नव्या कोऱ्या. इंग्लंडच्या दोघी शेजारी शेजारी. आणि कडेला एक लहानशी, नीटनेटकी, रिकाम्या डेकची.

"ती कुणाची?"

"थायलंडची. तिच्यावरची लढाऊ विमानं कधीच निवृत्त झाली."

"म्हणजे विमानवाहू नौका आहे आणि विमानंच नाहीत? आमच्या घरातल्या ट्रेडमिलसारखं झालं."

माझ्या या विनोदावर दाजी नेहमी हसायचे. आज हसत नाहीत.

"विमानं गेली म्हणून नौका बुडते होय रे? हेलिकॉप्टरं उतरतात तिच्यावर. कुठे पूर आला, वादळ झालं, की तांदूळ घेऊन जाते. तिला कुणी म्हणत नाही, आता घर बंद कर आणि कॅनडाला ये."

मी खाली बघतो. खाली ताईच्या स्वयंपाकघरातली लादी आहे. ओट्याशी ताई आमटीला फोडणी देतेय आणि एकीकडे पुटपुटतेय, क्लच, गिअर, हळूच सोडायचा. पुन्हा, क्लच, गिअर. मोहरी तडतडते तशी ती दचकते आणि पाय जमिनीवर दाबते.

"बघ," दाजी म्हणतात. "फोडणीलासुद्धा ब्रेक मारतेय. हे तिला कुणी शिकवलं?"

"मी तिला गाडी शिकवतो, दाजी. फोडणी नाही."

"चल, दाखव कसा शिकवतोस ते."

आम्ही दोघं गाडीत आहोत. ताई चालवतेय, मी शेजारी, दाजी मागे, ताटल्या मांडीवर. समोर चढ. माझ्या तोंडून येतं, "ताई, ब्रेक! अगं ब्रेक! समोर बघ! मागे बघ! माझ्याकडे नको बघूस!" ताईच्या हातांना घाम सुटलाय.

"पाय बघ स्वतःचा," मागून दाजी.

मी बघतो. माझा उजवा पाय ताठ झालाय आणि पायाखालच्या रबरी मॅटवर पूर्ण ताकदीनिशी दाबला गेलाय. तिथे ब्रेक नाही. तिथे कधीच ब्रेक नव्हता.

"तू शेजारी बसून ब्रेक दाबतोस, म्हणून ती तिकडे बसून दाबते," दाजी म्हणतात. "अरे, चढावर ब्रेक मारला की गाडी बंद पडणार, आणि ब्रेक सुटला की मागेच येणार. आम्ही डेकवर उतरताना काय करायचो माहितीय? चाकं टेकली रे टेकली की इंजिनाला पूर्ण जोर."

"उतरताना जोर?"

"डेकवरच्या आडव्या दोरीत विमानाच्या शेपटीचा आकडा अडकला तर दोरी थांबवतेच. नाही अडकला तर पुढे समुद्र. तेव्हा अंगात जोर हवा, परत उडायला. आणि खाली उभा असलेला माणूस तुझ्यासारखा किंचाळत नाही. हळू आवाजात सांगतो. थोडं वर. थोडं डावीकडे. छान. बास."

"आणि नाहीच जमलं तर?"

"तर वेव्ह-ऑफ."

गाडीची काच खाली होते आणि बाहेर पुन्हा डेक. नौदलाने घरच्यांना नौका दाखवायला नेलंय. बायका पदर सावरत उभ्या आहेत. त्यांत ताई, लग्न होऊन वर्षही झालं नसेल, हातात चिवड्याचा डबा. शेजारी माझे दाजी ताटल्या घेऊन, आणि वर आभाळात दाजीच, विमान घेऊन येताहेत. मला यात काही चुकीचं वाटत नाही. विमान खाली येतं, अगदी जवळ, तेवढ्यात लाल दिवे लागतात आणि ते घरघर आवाज करत डोक्यावरून निघून जातं.

"अहो!" तरुण ताई शेजारच्या अधिकाऱ्याला विचारते. "त्यांना का हाकललं?"

"नथिंग मॅडम. जस्ट वेव्ह-ऑफ."

दाजी माझ्या कानाशी लागतात. "आणि या बाईने संध्याकाळी माझ्या आईला वेंगुर्ल्याला ट्रंक कॉल केला. म्हणाली, सासूबाई, साहेबांनी यांना हात हलवून निरोप दिला."

"मग?"

"मग काय! आईने देव पाण्यात ठेवले. सगळे. आमच्या आजोबांच्या वेळचे बाळकृष्णसुद्धा, जे कधी आंघोळीपलीकडे भिजले नव्हते. मी रात्री फोन केला तर आई रडतेय, मागे आत्या रडतेय. म्हटलं, आई, अगं निरोप नाही. डेक तयार नव्हता, कुणीतरी आडवं होतं, म्हणून मला सांगितलं की एक चक्कर मार आणि पुन्हा ये. तेव्हा आई काय म्हणाली माहितीय?"

"काय?"

"म्हणाली, मेल्या, मग नीट मराठीत सांग की. 'जाऊन ये' म्हणाले."

वरचं विमान वळून परत येतं. तरुण ताईने डबा छातीशी धरलाय. आकडा दोरीत अडकतो, दोरी ताणली जाते, विमान वाकून नमस्कार केल्यासारखं थांबतं. ताई टाळ्या वाजवते आणि सगळा चिवडा डेकवर सांडतो. भारतीय नौदलाचे दोन जवान तो गंभीर चेहऱ्याने वेचतात.

मला दाजींना पुष्कळ विचारायचं आहे. तिकडे कसं आहे, दुखतं का, बीपीच्या गोळ्या लागतात का. मी त्यांच्याकडे निघतो. पण चालतोय म्हणावं तर पायाखाली डेक नाही. मी उंचावरून खाली येतोय, खाट पंखांसारखी दोन्ही बाजूंना पसरून, आणि खाली चिमुकली नौका, तिच्यावर पिवळं जाकीट.

"दाजी, उतरू?"

हळू आवाजात, अगदी कानाशी बोलल्यासारखं, ते म्हणतात, "थोडं वर. अजून थोडं."

आणि दोन्ही ताटल्या डोक्यावर धरून हलवायला लागतात. लांबून बघणाऱ्याला वाटेल, माणूस निरोप देतोय.

"जागा नाही रे आत्ता इथे. जोर दे. जाऊन ये."

मी उजवा पाय दाबतो, आणि या वेळी तिथे काहीतरी असतं, आणि ते ब्रेक नसतं.

पंखा छताला आहे. चहाचा वास येतोय. ताई खाटेशेजारी कप घेऊन उभी आहे.

"उठलास? किती घोरतोस रे. मला वाटलं गेटवर ट्रक उभा आहे." ती चहा ठेवते. पदराला हात पुसते. पुसून झालेले हात पुन्हा पुसते. "मग? काय ठरवलंस? मी निनादला फोन करू की..."

उत्तर ठरलेलं होतं. ते मी शोधतो, पण ते डेकवर राहिलंय.

"जाऊन ये," मी म्हणतो. इतक्या हळू की ती वाकते.

"काय?"

"परीक्षेला. जाऊन ये. आणि नाहीच झालं तर पुढच्या महिन्यात परत जाऊन ये. निनादला मी सांगतो, आई विमानतळावर येईल तेव्हा स्वतः गाडी चालवत येईल, तेही कॅनडाला जायला नाही, तुला सोडायला."

ताई माझ्याकडे बघते. तिला माझा ओरडा ऐकायची सवय आहे, हा आवाज तिच्या ओळखीचा नाही. मग ती खाटेच्या कडेवर बसते आणि माझा चहा स्वतःच प्यायला लागते.

"चढावर काय करू मग?" ती विचारते.

"जोर दे. मी शेजारी मांडी घालून बसेन."

"मांडी? गाडीत?" ती हसते, आणि हसता हसता तिचं लक्ष पायथ्याशी जातं. "अरे देवा, मक्या! धुतलेली चादर होती रे ती! कुठे गेला होतास अनवाणी?"

मी पाय उचलून बघतो. डावा स्वच्छ आहे. उजव्या तळव्याला करडी, तेलकट, खरखरीत खडी चिकटली आहे. ताईच्या अंगणात तांबडी माती आहे. ही तिथली नाही. ताई बोटाने थोडी खरवडते, चिमटीत घासून बघते, नाकाशी नेते. रॉकेलचा वास येतो, दाजींच्या गणवेशाला यायचा तसा.

ताई चिमूट तशीच धरून उठते, आणि दुसऱ्या हाताने गाडीची किल्ली खुंटीवरून काढते.