माईक उचलून नेणारा

आमच्या राणीसावरगावच्या शाळेत गॅदरिंगला स्पीकर लावायला दरवर्षी एकच साऊंडवाला येतो. आवाज तपासताना तो "हॅलो, हॅलो" करत नाही. मोबाईलवरून एक जर्मन ऑपेरा लावतो, भरल्या थिएटरात चालू असताना शूट केलेला.

"सर, गाणाऱ्या बाईच्या तोंडापुढं माईक न्हाई बघा. वर टांगलेत ते रेकॉर्डिंगचे, आपल्यासाठी. तिथं बसलेल्यांना नुसता गळा ऐकू यायलाय."

"भाषा कळते का?"

"दम कळतो की."

यंदा खिचडी शिजवणाऱ्या मावशींना आम्ही गायला उभं केलं. स्वयंपाकघरातून रस्त्यापर्यंत जाणारा त्यांचा आवाज माईक बघून पुटपुटण्याएवढा झाला. तेवढ्यात हा स्टेजवर चढला आणि स्टँडसकट माईक घेऊन गेला. पाहुण्यांसमोर असलं काही केल्याचा मला रागच आला. तो मात्र सगळ्यांच्या मागं, फाटकापाशी जाऊन उभा राहिला.

"मावशी, इथं मला ऐकू येऊ द्या."

मावशींनी पदर खोचला. दुसऱ्याच ओळीला त्यानं ऐकू आल्याची खूण म्हणून हात वर केला, आणि गाणं संपेपर्यंत खाली घेतला नाही.