अर्ध्या उन्हातल्या सासूबाई

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी शाळेत शिकवते, दिवसभर वर्गभर पोरांची नावं घेते, त्यात आणखी एक घेतलं तर आकाश कोसळत नाही. माझ्या नवऱ्याचं नाव कुशाबा. महाडच्या बाजारपेठेतल्या एका स्टुडिओत तो फोटो धुवायच्या कामाला होता, आणि त्याच्याइतका हट्टी माणूस सावित्री नदीच्या दोन्ही काठांवर सापडायचा नाही.

हट्टाचं मूळ सासऱ्यांच्या फोटोत होतं. ते अठ्ठ्याहत्तर साली वारले तेव्हा त्यांचा एकट्याचा असा फोटोच नव्हता. स्टुडिओच्या मालकांनी एका लग्नाच्या ग्रुप फोटोतून त्यांचा चेहरा उचलला, मोठा केला आणि रिवाजाप्रमाणे पेन्सिल-ब्रश फिरवून गोरापान केला. सुरकुत्या गेल्या, गालाचे खड्डे गेले. माझ्या सासूबाई येसूबाई त्या फोटोकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यो कोनाचा नवरा?"

आम्ही हसलो. कुशाबा हसला नाही. "आयचं तोंड मी कुनाला पुसू देनार नाय," म्हणाला. आईचा खरा फोटो तिच्या हयातीतच काढायचा, एवढं त्यानं मनाशी धरलं.

पण कॅमेरा दिसला की सासूबाई उन्हाकडे तोंड करून, श्वास कोंडून, पोलीस पाटलापुढे उभं केल्यासारख्या ताठ. मग त्यानं युक्ती काढली. सासूबाई करांद्यांचे कंद आणि पालेभाजी घेऊन बाजारात बसत. त्यांच्यासमोर हा रोज सकाळी रोल न घातलेला कॅमेरा घेऊन उभा राहायचा आणि नुसता खटका दाबायचा. अख्ख्या बाजारानं त्याला वेड्यात काढलं. मीही काढलं, खोटं कशाला बोलू? हळूहळू लोकांनी त्याच्याकडे बघणं सोडलं, सासूबाईंनीही सोडलं. मग एके दिवशी त्यानं गुपचूप रोल भरला.

समोरच्या कौलांवरून तिरकं ऊन उतरलं होतं. सासूबाई एका गिऱ्हाइकाला भावावरून झापत होत्या. अर्धा चेहरा लख्ख उन्हात, सुरकुती न् सुरकुती दिसावी असा. अर्धा वळचणीच्या सावलीत, त्यात फक्त डोळा चमकतोय. फोटो पाहून मी आधी दचकले आणि मग मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. इतकी वर्षं मी याच बाईशी भांडत होते.

मालक म्हणाले, "छान आलाय, पण अर्धं तोंड काळं आहे. मी टचिंग करून देतो."

"पेन्सिल लावायची नाय," कुशाबा म्हणाला. "हाय तसा मोठा करून शोकेसात लावायचा. नायतर दुसरा मानूस बघा."

मालक चरफडले, पण फोटो लागला. लग्नातल्या गोऱ्यापान मुलींच्या रांगेत माझ्या सासूबाई!

त्याच आठवड्यात सासूबाईंचे भाऊ धोंडूमामा कापडे गावाहून बाजाराला आले. त्या काळी म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा मोठा फोटो एकाच कारणासाठी होत असे. मामांनी शोकेस पाहिलं आणि गळा काढत थेट आमचं दार गाठलं. "येसू गेली रे! मला कुनी सांगितलं पन नाय!"

दार सासूबाईंनीच उघडलं. "मेली नाय अजून. बस, चहा पी."

पण संध्याकाळपर्यंत माणसं भेटायला येतच राहिली. शेवटी मालकही आले. "अपशकुन दिसतो, लग्नाची गिऱ्हाइकं तुटतील. फोटो शोकेसातून काढा." मलाही वाटलं, काढावा. कुशाबा आईकडे बघत होता. तिनं नको म्हटलं असतं तर त्याची सगळी धडपड पाण्यात गेली असती.

सासूबाई म्हणाल्या, "काडायचा नाय. फोटो व्हायला मानूस मरायलाच पायजे काय? उद्या बघतीलच लोक."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली टोपली उचलली आणि बरोबर शोकेसच्या खाली मांडली. माणसं वर बघत, चपापत, मग खाली बघत आणि हसून भाजी घेत. पुढे काही म्हातारे कुशाबाला गाठून म्हणू लागले, "आमचा पन काड, सावलीसकट."

सत्त्याऐंशीच्या थंडीत सासूबाई गेल्या. फोटो कुशाबानं शोकेसातच राहू दिला. बाजारात आम्हाला कुणाला काही सांगावं लागलं नाही. माणसं सवयीनं वर फोटो बघत, मग खाली टोपलीची मोकळी जागा बघत, आणि काय ते समजत.