दुधाच्या पिशवीचा कोपरा

समोरच्या सुनंदाच्या दोरीवर दुधाच्या धुतलेल्या पिशव्या वाळत असतात. प्रत्येकीचा कापलेला कोपरा पिशवीलाच लटकलेला. तुकडा सुटला की गटारात जातो, हे माझ्या बायकोनं जन्मभर दारोदार फिरून सांगितलं. प्लास्टिक वाचवणं हेच तिचं काम. ती गेली, पण गल्लीतल्या दोरी-दोरीवर तिचा हात दिसतो, आणि माझा जीव जळतो. साऱ्या गल्लीला शिकवलंन्. घरची पिशवी मात्र स्वतःच कापायची. माझ्या वाट्याला काय आलं?

आज दाराबाहेरच्या ओट्यावर पिशवी कापताना कोपरा तुटून पडला. सुनंदा ओरडली, "काका, लटकता ठेवा हो! काकूंनी सांगितलंय."

"माझी बायको, आणि मला तू सांगतेस?"

दार आपटून आत गेलो. मग दुसरी पिशवी घेऊन तिच्याच दारात उभा राहिलो. म्हटलं, "तुझी काकू कशी कापायची, दाखव."