पाटी उतरवणाऱ्या बाई

बाईंचं आभारांशी हाडवैर होतं. कुणी "बाई, तुमचे फार उपकार झाले" म्हणालं की त्यांचा चेहरा काढा प्यायल्यासारखा व्हायचा. पवनानगरकडच्या एका आजी, आजारातून नातू वाचला म्हणून त्यांच्या पाया पडायला वाकल्या, तर बाई मागं सरकल्या. "पाया पडायला वेळ आहे, पोराला लस टोचायला आणायला नव्हता?" आजी ढसाढसा रडल्या. आम्ही कार्यकर्त्या जमिनीकडे बघत उभ्या. जीपमध्ये बसल्यावर बाई म्हणाल्या, "आता धाकट्याला वेळेवर आणतील." आजींनी धाकट्याला खरंच वेळेवर आणलं. बाईंशी मात्र त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

मी कामशेतची. बी.ए. झाल्यावर लग्न ठरेपर्यंत काहीतरी करावं म्हणून बाईंच्या संस्थेत गेले आणि तिथंच केस पांढरे केले. मुलाखतीत बाईंनी विचारलं, "समाजसेवेची आवड आहे का?" मी उत्साहानं हो म्हणाले. "मग देवळात झाडू मारा. इथं नोकरी आहे, वेळेवर यावं लागतं." घरी येऊन मी आईला सांगितलं की बाई खडूस आहे. आईनं विचारलं, पगार देते ना?

लोणावळ्याच्या बंगल्यांतून दिवाळीला जुन्या कपड्यांची गाठोडी यायची. बाई देणाऱ्यांच्या देखतच गाठोडं सोडत आणि एकेक कपडा झटकून बघत. फाटका निघाला की नीट घडी घालून परत हातात ठेवत. "हा तुमच्या नातवाला घालून बघा." असे किती देणगीदार त्यांनी पळवले त्याची गणती नाही. आम्ही चिडायचो, आणि बाईंची पाठ वळली की त्यांची नक्कल करून पोटभर हसायचोही.

संस्थेचं मुख्य काम म्हणजे धरणाकडच्या गावांतल्या बालवाड्या. पण बाईंचा एक नियम होता. काही वर्षं आपण चालवायची, गावातली एक बाई तयार करायची, मग बालवाडी गावाच्या हवाली करून निघायचं. निघायच्या दिवशी बाया ओटीचं सामान घेऊन उभ्या असत. बाई तिकडे बघतसुद्धा नसत. पान्यानं नट सैल करून संस्थेची पाटी त्या स्वतः उतरवत आणि पत्रा सरपंचाच्या हातात देत. "गोठ्याचं भोक बुजवायला होईल." त्यानंतर त्या गावात आम्ही कुणी पाऊल टाकायचं नाही, अगदी लग्नाला किंवा बारशालाही नाही.

एका गावात सरूबाई नावाची शिक्षिका तयार झाली होती. म्हणजे बाईंच्या मते झाली होती. पाटी उतरताना सरूबाईनं बाईंचा पदरच धरला. "बाई, येक वरीस ऱ्हावा. मला लय भ्या वाटतं. गाव माझं न्हाई ऐकायचं."

"तुला बालवाडीची नाही, माझी सवय लागलीय," म्हणत बाईंनी पदर सोडवून घेतला.

पावसाळा संपायच्या आत बालवाडी बंद पडली. सरूबाई पाण्याकाठच्या एका कॅम्पवर पर्यटकांची भांडी घासायला लागली आणि पोरं तंबूंच्या मागं बाटल्या गोळा करत हिंडायला लागली. मी बाईंच्या टेबलावर हात आपटून म्हणाले, "परत जाऊ या."

"एकदा परत गेलो, तर बाकीची गावं आपली वाट बघत बसतील."

"आणि सरूबाई?"

"सरूबाई पडली."

त्या दिवशी मला बाईंचा मनापासून तिरस्कार वाटला. बाकीच्या बहुतेक बालवाड्या आजही चालू आहेत, हे सांगताना मला आनंद होत नाही, पण सांगायला हवं.

बाईंनी लग्न केलं नाही, घर बांधलं नाही. कामशेतच्या कार्यालयामागची एक खोली, तेच घर. त्या थकल्यावर तळेगावचे नवे विश्वस्त आले. त्यांना तिथं प्रशिक्षण केंद्र हवं होतं, म्हणजे खोली जाणार होती. मी बैठकीत भांडले. "या वयात त्या जातील कुठं?" एक विश्वस्त अगदी मऊ आवाजात म्हणाले, "एका माणसासाठी संस्था थांबत नाही, हे बाईंनीच शिकवलंय ना?" ठराव झाला. बाईंनंतर संस्थेची प्रमुख मी, म्हणून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

बाई तांदूळ निवडत होत्या. ऐकून त्यांनी मान वर केली नाही. "कधीपर्यंत?"

"महिनाअखेर."

"समारंभ ठेवू नका." मग एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "तुझा आवाज कापतोय. अशा आवाजात कुणाला बाहेर काढू नये. माणसाला आशा वाटते."

त्या तळेगावच्या वृद्धाश्रमात गेल्या. मी भेटायला गेले, तर आधी विचारलं, "आज बुधवार. गावात बैठक नाही?" मी पुढं ढकलल्याचं सांगितलं. "बाया मजुरी बुडवून येतात, आणि तू म्हातारी बघायला बैठक बुडवतेस? रविवारी येत जा." मला 'बस' म्हणाल्या नाहीत. पुढच्या खेपेला बघते तर त्यांचा अंबाडा कापलेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "धुवायला सोपं पडतं इथल्या बायांना," बाई म्हणाल्या, "मीही हेच केलं असतं." मी रविवारचीच जात राहिले.

बाई गेल्या त्या मंगळवारी. नव्या विश्वस्तांनी परत न जाण्याचा जुना नियम मोडला होता, त्यामुळे बायकांच्या आरोग्याचं काम घेऊन मी एका जुन्या गावात गेले होते. बैठक अर्ध्यावर असताना फोन आला. बाया लावणी सोडून आल्या होत्या. मी फोन ठेवला आणि बैठक पुरी केली. बाईंनी वेगळं काही करू दिलं नसतं.

उठताना एका तरुण आईनं माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. "काय झालं वो ताई?"

"बाई गेल्या."

"कोन बाई?"

मी समोरच्या बालवाडीकडे बोट दाखवलं. "ही ज्यांनी सुरू केली त्या."

ती गोंधळली. "ही व्हय? ही तर आमच्या सासूबाईंनी काढली."

बाईंना हेच हवं होतं. त्यासाठी त्यांनी आयुष्य घालवलं होतं, आणि मला ते अजिबात सहन झालं नाही. मी तिथंच, सगळ्या बायांच्या देखत, हमसून हमसून रडले. ती बिचारी माझ्यासाठी पाणी आणायला धावली.